आतड्याची सूज आणि तरुण मुलांचा व्यायाम



या जागी आमच्याकडून खोडव्याच्या खतमात्रेवर लेख येईल अशी आपली अपेक्षा असणार. तो पुढील अंकी देऊ. या खेपेचा विषय शेतातला नाही, घरातला आहे. पण शिवारात फिरतानाच तो आमच्या पदरी पडला, म्हणून लिहीत आहोत.

बांधावर उसाची चौकशी झाली की घरची चौकशी निघतेच. गेल्या काही हंगामांत वेगवेगळ्या गटांतून एकाच तऱ्हेची हकीगत आमच्या कानी आली. मुलगा अगर मुलगी १५ ते २० वर्षांची. पोटात मुरडा, वरचेवर जुलाब, शौचावाटे रक्त, वजन उतरत चाललेले. प्रथम मूळव्याध समजून झाडपाला, मग आव समजून गोळ्या, त्यात वर्ष-दीड वर्ष गेलेले. शेवटी जिल्ह्याच्या गावी दुर्बिणीने तपासणी आणि कागदावर एक लांबलचक इंग्रजी नाव. औषध सुरू झाले, थोडा उतार पडला, की घरात पुढचा प्रश्न उभा राहतो. या पोराने पळावे का? तालमीत जावे का? एका माउलीने आम्हाला विचारले, “साहेब, पोरगं पळाय गेलं तर मला धास्ती, अन् घरात बसवलं तर डोळ्यांदेखत वाळतंय. तुम्हीच सांगा, काय करू?”

आम्ही पडलो शेतकी पदविकावाले. उसाच्या पोंग्यातली कीड ओळखू, माणसाच्या आतड्यातले आम्हाला काय कळणार? तेव्हा जाणत्या डॉक्टरांना विचारून आणि या विषयावरचे वाचून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवीत आहोत. ज्याच्या घरी असे लेकरू आहे त्याने हे वाचून आपल्या डॉक्टरांशी बोलावे, एवढाच हेतू.

प्रथम दुखणे काय ते पाहू. यात मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा विकार. तो गुदद्वाराजवळून सुरू होतो, सलग वर सरकतो आणि आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज व जखमा करतो. दुसरा क्रोन्स डिसीज. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होतो, मध्ये चांगला पट्टा सोडून पुन्हा पुढे होतो, आणि आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत उतरतो. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील डॉ. बरिल क्रोन व त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी १९३२ साली याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे नाव पडले. आपल्या देशात आतड्याचा क्षय हुबेहूब याच्यासारखा दिसतो. म्हणून डॉक्टर पुन्हापुन्हा तपासण्या सांगतात, त्यावर चिडू नये.

दोन्ही विकारांत शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्या आतड्यावर उलटते. हे दुखणे एकाच्या ताटातून दुसऱ्याला लागत नाही. ज्या घरात पोराचे ताट-तांब्या वेगळा ठेवला आहे त्यांनी तो आजच एकत्र करावा. मुळासकट घालवणारे औषध अजून निघालेले नाही, पण नेमाने औषध घेतले तर विकार महिनोन्महिने, कित्येकांचा वर्षानुवर्षे शांत राहतो. मध्येच भडकतो, पुन्हा शांत होतो. व्यायामाचा सगळा हिशोब या भडकण्या-शांत होण्यावर बसवायचा असतो.

अशा घरात दोन तट पडलेले आम्ही पाहिले. आजीचा आणि आईचा तट म्हणतो, पोराला हलू देऊ नका. त्याला शाळेत खेळाच्या तासाला बसवून ठेवतात, कोणी पाण्याची घागर उचलू देत नाही. बापाचा आणि चुलत्याचा तट म्हणतो, “एवढा तरणाताठा गडी, पोट दुखतंय म्हणून बसतोय होय? चार बैठका मारल्या की पचंल सगळं.” आमच्या मते दोन्ही तट आपापल्या जागी मायेचेच, पण पोराला दोन्हींकडून घाटा होतो.

न हलण्याचा घाटा कसा तो आधी सांगतो. माणसाच्या हाडांचा बहुतेक साठा वयाच्या विशीच्या आसपासपर्यंत भरतो. नंतर तो जपायचा असतो, वाढवणे अवघड. ऐन त्या वर्षांत आतडे सुजलेले असेल तर अन्नातले सत्त्व अंगी लागत नाही, भूक मरते, आणि वर स्टिरॉईडच्या गोळ्या लांबल्या तर त्याही हाडे पोकळ करतात. लहान वयात दुखणे लागले तर उंची खुंटते, मिसरूड उशिरा फुटते. शेजारच्या पोराशी तुलना करून त्याला टोमणे मारणारे पाहुणे वेगळेच! अशा वेळी पोराला अंथरुणावर ठेवले तर होते नव्हते ते मांसही गळते. हाडावर अंगाचा भार पडला, स्नायूने हाड ओढले, तरच हाड भरते. बाळबांधणी वेळेत झाली नाही तर पुढे मोठ्या बांधणीत ती कसर पुरती निघत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तसलाच हा प्रकार.

इंग्लंडात क्रोन्सच्या ११७ रुग्णांवर वर्षभर हलक्या व्यायामाचा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांची सरासरी काढली तर फरक ठळक नव्हता. पण ज्यांनी व्यायाम नेमाने पुरा केला त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता वाढलेली आढळली. म्हणजे चालढकल करणाऱ्याच्या पदरात काही पडले नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा येथे १२ बसकट रुग्णांना १२ आठवडे, आठवड्यातून साधारण ३ वेळा चालायला लावले. एका खेपेस सुमारे अर्धा तास, साडेतीन किलोमीटर. १९९९ साली त्यांनी लिहिले की या लोकांची तब्येत आणि उमेद सुधारली आणि चालण्यामुळे कोणाचा विकार भडकला नाही. माणसे थोडी होती हे खरे, पण धास्तावलेल्या आईला हे सांगण्याजोगे आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १०० रुग्णांवर योगासने, प्राणायाम व ध्यान यांचा ८ आठवड्यांचा प्रयोग झाला, तो २०१५ साली छापून आला. कोलायटिसच्या रुग्णांची पोटातली कळ व मनाची घालमेल कमी झाली. मात्र रक्तात सुजेच्या ज्या खुणा तपासल्या त्यांत म्हणावा असा फरक पडला नाही.

हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम लिहिले. व्यायामाने किंवा योगाने हा रोग जातो असे सांगणारा कोणी भेटला तर त्याचा चहा घ्यावा आणि वाटेला लावावे. हुमणी लागलेल्या उसाला वरून युरिया टाकून पाने हिरवी होत नाहीत, आधी मुळाशी बसलेल्या हुमणीचा बंदोबस्त करावा लागतो. येथे तो बंदोबस्त औषधाने. अंगात तरतरी आली म्हणून पोरे परस्पर गोळ्या बंद करतात, तेही धोक्याचे. स्टिरॉईड तर एकाएकी कधीच तोडू नये.

आता व्यायाम कोणता व किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले माप असे, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून ३ दिवस हाडे-स्नायू बळकट करणारे काही करावे. हे निरोगी मुलांचे माप. आपल्या पोराने तिथपर्यंत हळूहळू पोचायचे आहे, आणि नाही पोचले तरी जेवढे झाले तेवढे कमाईचेच. विकार शांत आहे, डॉक्टरांनी हरकत घेतलेली नाही, असे असेल तर सपाट जागी १० मिनिटे चालण्याने सुरुवात करावी. चार-सहा दिवसांनी दोन-तीन मिनिटे वाढवावी. चालताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे, गाणे मात्र म्हणता येऊ नये. एवढा दम पुरे. अर्धा तास चालणे अंगवळणी पडले की एक दिवसाआड थोड्या बैठका, भिंतीला हात टेकून जोर, सावकाश सूर्यनमस्कार, दोरीवरच्या थोड्या उड्या. हाडांना उड्या व बैठका अधिक मानवतात. सायकल आणि पोहणे दमाला उत्तम, पण त्यांत अंगाचा भार हाडांवर येत नाही, तेव्हा जोडीला चालणे हवेच. दुसऱ्या दिवशी पोरगे दिवसभर आडवे पडून राहिले तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजावे आणि एक पायरी खाली यावे.

लांब पल्ल्याचे जोराचे पळणे जपून. फार जोराच्या श्रमात रक्त हातापायांकडे धावते आणि आतड्याचा पुरवठा तेवढा वेळ कमी होतो. धडधाकट माणसाला सुद्धा त्याने जुलाब होतात. तरी मध्यम पळणे वर्ज्य नाही. जर्मनीतल्या म्युनिक येथे ३० रुग्णांपैकी निम्म्यांना १० आठवडे, आठवड्यातून ३ वेळा मध्यम गतीने पळवले, तेव्हा पळणाऱ्यांचा विकार बळावला नाही आणि त्यांचे माणसांत मिसळणे सुधारले.

आमच्याकडे काही सभासद विचारतात, “शेतात राबतोयच की पोरगा, निराळा व्यायाम कशाला?” प्रश्न रास्त आहे. बेण्याच्या मोळ्या वाहणे, दारे धरणे, चारा कापणे यांत अंग हलतेच, आणि अंगाला झेपेल तेवढे काम चांगलेच. पण शेतकाम पोराच्या पोटाकडे बघून थांबत नाही. पाण्याची पाळी आली की आली. वैशाखाच्या उन्हात, रक्त कमी झालेल्या अंगाने, तहान मारून सहा तास वाकून केलेले काम म्हणजे व्यायाम नव्हे. व्यायाम वाढवता येतो, कमी करता येतो, अर्ध्यावर सोडता येतो. शेतातल्या कामातही पोराला अशी मुभा दिली तर ते काम हिशोबात धरायला आमची हरकत नाही.

रक्त कमी असण्याची गोष्ट निघाली आहे तर तीही सांगतो. जखमांतून रोज थोडे थोडे रक्त जाते, त्यामुळे या मुलांत पांडुरोग फार. जिना चढताना धाप, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. लोहाच्या गोळ्या पोटाला सोसत नसतील तर डॉक्टर शिरेतून लोह देतात. ते भरून आले की तोच पोरगा न दमता चालू लागतो, आणि कालपर्यंत त्याला आळशी म्हणणारे गप्प बसतात.

वेळेविषयी आपल्याकडे एक हट्ट आहे, की व्यायाम म्हटला म्हणजे पहाटेचाच. या मुलांपैकी पुष्कळांचे आतडे सकाळीच जास्त खवळलेले असते, दोन-तीन वेळा जावे लागते. त्यांनी सायंकाळी चालावे, काही बिघडत नाही. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्यावे. ॲझाथायोप्रिनसारख्या औषधाने कातडी उन्हाला नाजूक होते, म्हणूनही भर उन्हाची वेळ टाळावी. मात्र हंगाम चालू असताना अंधार पडल्यावर कारखान्याच्या रस्त्यांवर कोणीही पळू-चालू नये. दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या आणि वर लोंबणारा ऊस, हे सारे आम्ही रोज बघतो. शाळेचे मैदान, देवळाचे पटांगण किंवा घरची गच्ची बरी.

आता ज्या गोष्टीविषयी कोणी बोलत नाही तिच्याविषयी. ही मुले व्यायामाला का जात नाहीत? अंगात बळ नाही हे एक कारण. दुसरे, वाटेत लागली तर जायचे कोठे? कळ आली की या मुलांना पाच मिनिटेही दम धरवत नाही. एकदा मैदानावर कपडे खराब झाले की पोरगे पुन्हा तिकडे फिरकत नाही, आणि कारणही सांगत नाही. त्याच्या गप्प बसण्याला आपण आळस म्हणतो. म्हणून चालण्याची वाट अशी निवडावी की दर दहा मिनिटांच्या अंतरात एखादे ओळखीचे घर आणि त्या घरी संडास असेल. त्या घरी आधी जाऊन सांगून ठेवावे. हे काम बापाने करावे, पोरावर टाकू नये. किंवा घराभोवतीच दहा फेऱ्या माराव्यात. पिशवीत जादा चड्डी, साबण, पाण्याची बाटली असावी. शाळेत मुख्याध्यापकांना व खेळाच्या सरांना डॉक्टरांची चिठ्ठी नेऊन द्यावी आणि दोन गोष्टी मागून घ्याव्या. परवानगी न विचारता शौचालयास जाण्याची मुभा, आणि दमल्यावर बसण्याची मुभा. खेळाच्या तासातून साफ माफी मागू नये. कबड्डी झेपत नसेल त्या दिवशी पोरगे गुण लिहील, पण मैदानावर असेल.

मुलींचे दुखणे तर घराबाहेरही कळू देत नाहीत. पुढे लग्न जमणार नाही, ही भीती. त्या भीतीपोटी मुलीचे औषध चोरून, तपासणी लांबवून, आणि बाहेर चालायला जाणे तर दूरच. तिचे रक्त पाळीतही जाते, म्हणजे लोहाची तूट दुहेरी. आम्ही वडिलधाऱ्यांना एवढेच सुचवू, की दोघी-तिघी मैत्रिणी मिळून चालायला जात असतील तर अडवू नये. घरातल्या घरात सूर्यनमस्कार आणि दोरीच्या उड्या, याला तर अंगणही पुरते.

पाण्याचे विसरू नये. जुलाबाने अंगातले पाणी व क्षार आधीच गेलेले असतात, त्यात घाम. व्यायामाच्या आधी, मध्ये, नंतर घोट घोट पाणी प्यावे. जुलाब जास्त असतील त्या दिवशी १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पाणी दिवसभरात घ्यावे. साखर कारखान्याच्या अंकात हे लिहिणे जिवावर येते, पण साखर या मापाहून जास्त घालू नये. जास्त साखरेने जुलाब वाढतात.

आणखी एक धोका आपल्या गावांत फार आहे. अंग दुखले की दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी आणायची. नव्याने व्यायाम सुरू केला की दोन-चार दिवस मांड्या-पिंडऱ्या दुखणारच. पण या जातीच्या गोळ्यांनी आतड्याचा विकार भडकू शकतो. गरम पाण्याने शेकावे, एक दिवस विसावा घ्यावा. गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटॅमॉल.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे आता गावोगाव आहेत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळायचे असते. या विकारातल्या मुलाने भरतीचे स्वप्न बघूच नये असे आम्ही म्हणणार नाही. इंग्लंडचे नौकापटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यांना १९९२ साली अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे कळले. त्यांनी त्या साली, १९९६ साली आणि २००० साली ऑलिम्पिकचे सुवर्णपदक घेतले. आधीची दोन धरून लागोपाठ पाच. अमेरिकेची जलतरणपटू कॅथलीन बेकर हिला शाळकरी वयातच क्रोन्स डिसीज लागला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिने एक सुवर्ण व एक रौप्य मिळवले. त्यांच्यापाठी डॉक्टर आणि शिक्षकांची फौज होती, हे विसरून चालणार नाही. आपल्या पोरामागे निदान एवढे असावे, की सराव घेणाऱ्या सरांना दुखण्याची कल्पना आहे आणि ज्या दिवशी तो “आज नको” म्हणेल त्या दिवशी त्याला कोणी हिणवणार नाही.

विकार भडकला की व्यायाम आवरता घ्यावा. ताप, रक्त पडणे, पोटात सतत दुखणे असेल त्या दिवसांत पळणे, उड्या, वजन उचलणे बंद. मात्र घरातल्या घरात थोडे फिरणे, बसून हातपाय ताणणे चालू ठेवावे, म्हणजे अंग आखडत नाही. उतार पडल्यावर जेथे सोडले तेथून उचलू नये, पुन्हा १० मिनिटांपासून आरंभ करावा. ज्यांचे आतड्याचे ऑपरेशन होऊन पोटावर पिशवी बसवली आहे त्यांनीही चालावे. पण जड उचलणे व पोटाला ताण देणारे व्यायाम सर्जन सांगतील तोवर करू नयेत, टाक्यांशेजारून आतडे बाहेर येण्याची भीती असते.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजच्या चौकोनात तीन आकडे लिहीत जावे. किती वेळा शौचास झाले, किती मिनिटे चाललो, आणि आठवड्याचे वजन. रक्त दिसले तर तांबडी खूण. तपासणीला जाताना ते पान फाईलला लावून न्यावे. डॉक्टरांना त्यावरून औषधाचा अंदाज येतो आणि पोरालाही आपली चाल दिसते.

आणि दिवसात ६ किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब होऊन त्यासोबत ताप आला, किंवा बसल्या जागी नाडी मिनिटाला ९० च्या वर धावू लागली, किंवा पोट फुगून टणक झाले, तर सकाळची वाट बघू नये. रात्रीची पाण्याची पाळी असली तर शेजाऱ्याला दारे धरायला सांगावे आणि गाडी काढावी.